नुसती गव्हाण पाहू नका

पशुवैद्यक महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवताना ऊर्जेचा हिशेब फळ्यावर मांडणं सोपं असतं. खाद्यातून आलेली एकूण ऊर्जा घ्यायची. शेणावाटे गेली ती वजा, मूत्रावाटे आणि ढेकरेतल्या मिथेनवाटे गेली ती वजा, उष्णता होऊन गेली तीही वजा. उरेल ते दूध, मांस, गर्भ, नाहीतर चरबी. विद्यार्थी हे पाठ करतात आणि पास होतात. मग नोकरीला लागल्यावर एखाद्याचा फोन येतो : "सर, पेंड तीच, वैरण तीच, जनावरही तेच. मग दूध का आटलं?"

उत्तर बऱ्याचदा त्या मांडणीत सापडत नाही. कोणत्या रकान्यात किती जायचं हे ठरवण्यात कातडी, नाक, सड, आतडं इथून निघणाऱ्या संवेदी चेतांचा मोठा हात असतो, आणि फळ्यावर त्यांना जागाच दिलेली नसते. शिकवताना, गोठे फिरताना आणि जगभरचे शोधनिबंध चाळताना जे पक्कं होत गेलं ते खाली देतो. क्रमाला फारसा अर्थ नाही.

१. संवेदी चेता नुसत्या खबर देत नाहीत

शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं की संवेदी चेता बाहेरची बातमी मेंदूला कळवते आणि तिचं काम संपतं. पोस्टमनसारखी. पण हा पोस्टमन पत्रं पोचवता पोचवता वाटेतल्या घरांत शिरून तिथली कामंही उरकतो. १९०१ साली इंग्लंडमध्ये बेलिस यांनी मज्जारज्जूत शिरणारी संवेदी मुळं उलट बाजूने उत्तेजित केली, तेव्हा पायातल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या. म्हणजे संदेश त्याच तारेतून उलटही गेला आणि टोकाशी काहीतरी घडलं. ते 'काहीतरी' पुढे हळूहळू सापडत गेलं. या चेतांच्या टोकांतून छोटी प्रथिनं पाझरतात. त्यातलं एक सीजीआरपी. त्याचं नाव लक्षात ठेवा, चौथ्या मुद्द्यात ते पुन्हा येईल.

२. उंदरांवरचा कोणताही निष्कर्ष वाचण्याआधी खोलीचं तापमान वाचा

उंदराला काहीही जास्त न जाळता ऊब राखता येते ती साधारण ३० अंश सेल्सिअसला. प्रयोगशाळांमधली खोली मात्र २० ते २२ अंशांवर असते, कारण ते तापमान तिथे काम करणाऱ्या माणसांना बरं वाटतं. त्या गारव्यात उंदीर आपल्या ऊर्जेचा मोठा वाटा नुसता ऊब राखण्यात खर्च करतो. आणि हा खर्च सुरू व्हायला अंग गार पडावं लागत नाही. गारवा आधी कातडीतल्या संवेदी चेतांना लागतो, तिथून मज्जारज्जू, मग मेंदूच्या देठातला एक टप्पा, मग हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात निर्णय, आणि परतीच्या वाटेने अनुकंपी चेता तपकिरी चरबीला पेटायला सांगतात. शरीराचं आतलं तापमान खाली येण्याआधीच शेकोटी पेटलेली असते. ही साखळी नाकामुरा आणि मॉरिसन यांनी उंदरांत टप्प्याटप्प्याने उलगडली.

याचा परिणाम किती खोल जातो ते स्टॉकहोमच्या कॅनन आणि नेडरगार्ड यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं. तपकिरी चरबीत उष्णता निर्माण करणारं यूसीपी-१ हे प्रथिन नसलेले उंदीर नेहमीच्या गार खोलीत लठ्ठ होत नव्हते, म्हणून अनेक वर्षं लोक कोड्यात होते. तेच उंदीर ऊबदार खोलीत ठेवले आणि ते लठ्ठ झाले. उंदीर तेच, उणीवही तीच. फरक पडला तो कातडीला काय जाणवत होतं याने. 'अमुक औषधाने उंदराची चरबी वितळली' अशी बातमी आली की मी अजूनही आधी पद्धतीचा परिच्छेद उघडून अंश शोधतो. आकडा दिलेलाच नसेल तर पुढे वाचण्याची घाई करत नाही.

मेंढपाळांना यातली गोम प्रयोगशाळेविना ठाऊक आहे. लोकर कातरल्यावर थंडीत मेंढी जास्त खाते. गाभण मेंढ्यांची लोकर गाभणकाळातच कातरली तर कोकरं वजनदार जन्मतात, हे न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये वारंवार पाहिलं गेलं आहे. अर्थात पोटाला पुरेसं असेल तरच. चाराटंचाईत हा प्रयोग करू नये.

३. उन्हाळ्यात म्हशीचं दूध फक्त कमी खाल्ल्याने घटत नाही

म्हैस काळी, अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कितीतरी कमी. म्हणून तिला डुंबायला लागतं, हे सांगायला मी कशाला हवा! पण पुढचं सांगायला हवं. उष्म्याने जनावर कमी खातं, कमी खाल्ल्याने दूध घटतं, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत होतो. अमेरिकेत ॲरिझोनात बॉमगार्ड आणि सहकाऱ्यांनी गायींचे दोन गट केले. एक उष्म्यात, दुसरा गारव्यात, पण गारव्यातल्यांना तेवढंच खाद्य दिलं जेवढं उष्म्यातल्या गायी खात होत्या. खाणं सारखं, तरी उष्म्यातल्या गायींचं दूध बरंच जास्त घटलं. दूध घटण्यातला निम्मा किंवा त्याहून कमी वाटाच खाद्यकपातीचा निघाला. आणखी विचित्र म्हणजे अर्धपोटी गाय एरवी अंगावरची चरबी मोडून दूध चालू ठेवते. उष्म्यातल्या गायी चरबी मोडत नव्हत्या आणि त्यांच्या रक्तात इन्सुलिन वाढलेलं होतं.

हे सगळं संवेदी चेतांचं काम नव्हे. उष्म्याने आतड्याचं अस्तर दुबळं होतं, त्याचाही भाग यात आहे. पण कातडी तापल्याची खबर हायपोथॅलॅमसला पोचणं ही या साखळीची सुरुवात आहे, आणि शेतकऱ्याच्या हातात तेवढी सुरुवातच आहे. अंगावर पाणी, वर सावली, पाण्यानंतर वारा. नुसतं पाणी मारून दमट, बंद गोठ्यात बांधलेली म्हैस मी पाहतो तेव्हा मला त्या म्हशीपेक्षा वीजबिलाची काळजी करणाऱ्या मालकाची कीव येते.

४. मिरचीपासून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते ठेच्याच्या जाहिरातीत नसतं

माझ्या विषयातली सगळ्यात रंगतदार गोष्ट मिरचीची आहे, म्हणून इथे जरा बसतो.

हंगेरीतलं सेगेद हे पाप्रिकाचं गाव. याच गावात सेंट-ग्योर्गी यांनी पाप्रिकातून क जीवनसत्त्व भरपूर मिळवलं. त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं. त्याच गावात मिक्लोश यांचो यांच्या लक्षात आलं की मिरचीतलं कॅप्सेसिन प्राण्याला पुन्हा पुन्हा दिलं की ठरावीक संवेदी चेता बधिर होतात. बाकीच्या संवेदना शाबूत राहतात. १९७७ मध्ये याच परंपरेतल्या संशोधकांनी दाखवलं की नवजात उंदराला कॅप्सेसिन टोचलं तर या चेता कायमच्या नष्ट होतात. त्यामुळे शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या हाती एक धारदार हत्यार आलं. सगळी नस न कापता फक्त एका जातीच्या चेता काढून टाकायच्या आणि काय बिघडतं, काय सुधारतं ते पाहायचं. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने कॅप्सेसिन ज्याला चिकटतं तो ग्राही शोधला, टीआरपीव्ही-१. तो साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो; म्हणूनच मिरची 'भाजते'. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल अर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

आता ऊर्जेकडे या. हे चेतातंतू स्वादुपिंडातही पसरलेले असतात. २००६ मध्ये टोरांटोच्या गटाने मधुमेह होण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांमधले हे तंतू कॅप्सेसिनने काढून टाकले, आणि त्यांना मधुमेहापासून संरक्षण मिळालं. २०१४ मध्ये बर्कलीच्या सेलीन रिएरा आणि अँड्र्यू डिलिन यांनी टीआरपीव्ही-१ नसलेले उंदीर म्हातारे होईपर्यंत पाळले. ते सुमारे १४ टक्के जास्त जगले आणि उतारवयातही त्यांचं चयापचय तरुण उंदरासारखं राहिलं. कारण काय निघालं? पहिल्या मुद्द्यातलं सीजीआरपी. वय वाढतं तसं या चेतांतून सीजीआरपीचं पाझरणं वाढतं आणि त्यामुळे इन्सुलिनचं स्रवणं दबतं. म्हाताऱ्या साध्या उंदरांना सीजीआरपीचा मार्ग अडवणारं औषध दिलं, तर त्यांचंही चयापचय सुधारलं. आज अर्धशिशीसाठी माणसांना सीजीआरपी अडवणारी औषधं मिळतात. उंदरांवर वापरलेलं औषध त्याच कुळातलं.

इथपर्यंत ऐकलं की वर्गात कोणीतरी हात वर करणारच : "मग मिरची खाल्ल्याने चेता उत्तेजित होतात, आणि चेता काढल्यानेही फायदा होतो, हे कसं?" एक शक्यता अशी की सतत मारा झाला की या चेता बधिर होतात, म्हणजे खाणंही काही अंशी काढून टाकल्यासारखंच ठरतं. पण यावर ठेचा विकायला निघू नका. २००८ मध्ये एका गटाला टीआरपीव्ही-१ नसलेले उंदीर चरबीयुक्त खाद्यावरही सडपातळ राहिलेले दिसले. नंतर दुसऱ्या गटाला तसेच उंदीर उलट जास्त लठ्ठ झालेले दिसले. खोली, खाद्य, वय, उंदराची जात, कशाने पारडं फिरतं हे अजून भांडणाचं आहे. मिरचीने वजन उतरतं असं छातीठोक सांगणारा एकतर विक्रेता असतो नाहीतर त्याने एकच निबंध वाचलेला असतो.

जाता जाता : पक्ष्यांचा हा ग्राही उष्णतेला उघडतो, पण कॅप्सेसिनला ओळखत नाही. म्हणून पोपट लवंगी मिरची सुपारीसारखी चघळतो. कोंबडीच्या खाद्यात तिखट घातलं तर तिला भाजणार नाही.

५. वास हेही खाद्यच समजा

पाव्हलोव्ह यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते घंटेसाठी नव्हे, पचनावरच्या कामासाठी. त्यांच्या कुत्र्यांनी गिळलेलं अन्न गळ्यातल्या छिद्रातून बाहेर पडे, पोटात कणही जात नसे, तरी जठररस सुटे. मेंदूतून पोटाकडे जाणारी व्हेगस चेता कापली की थांबे. आता हे किती वेगाने घडतं तेही कळलंय. २०१५ मध्ये भुकेल्या उंदरांच्या मेंदूतल्या भूक जागवणाऱ्या चेतापेशी थेट नोंदवल्या गेल्या. अन्न नुसतं दिसलं, वास आला, की काही सेकंदांत त्या पेशी शांत व्हायला लागतात. घास अजून तोंडातही गेलेला नसतो.

२०१७ चा प्रयोग मला त्याहून अस्वस्थ करतो. याही वेळी रिएरा आणि डिलिन. नाकातल्या गंधचेता तात्पुरत्या नष्ट केलेले उंदीर आणि साधे उंदीर, दोघांना चरबीयुक्त खाद्य दिलं. खाणं सारखंच. साधे उंदीर फुगून ६० ग्रॅमपर्यंत गेले, वास न येणारे ३३ ग्रॅमच्या पुढे गेले नाहीत. त्यांच्या अनुकंपी चेता जास्त जाग्या होत्या आणि चरबी जाळत होत्या. उलट ज्यांचं नाक जादा तीक्ष्ण केलं ते साध्या उंदरांपेक्षाही जाड झाले. फळमाशीतही असंच. कमी अन्नावर ठेवलेली माशी जास्त जगते, पण तिला यीस्टचा नुसता वास दिला की त्या फायद्यातला काही भाग उडून जातो, असं २००७ मध्ये दिसलं. नाक बंद करून बारीक व्हायला मी कोणाला सांगणार नाही. वास न येणारं माणूस जेवणाची मजा आणि गॅसगळतीची खबर दोन्ही गमावतं.

गोठ्यापुरतं सांगायचं तर बुरशी धरलेला मुरघास जनावर हुंगून बाजूला सारतं तेव्हा ते 'नखरे' करत नसतं.

६. कापली तर कोणती नस कापली ते विचारा

चरबी ही नुसती कोठार आहे अशी समजूत फार दिवस होती. तिच्यात चेता जातात हे माहीत होतं, पण लक्ष सगळं मेंदूकडून चरबीकडे येणाऱ्या अनुकंपी चेतांवर. चरबीकडून मेंदूकडे जाणाऱ्यांचा पाठपुरावा करणारे थोडे. त्यात अमेरिकेतल्या जॉर्जियाचे टिमोथी बार्टनेस. त्यांनी सायबेरियन हॅमस्टरवर काम केलं, हा प्राणी दिवस लहान झाले की आपोआप चरबी घटवतो. एका विषाणूला चेतेच्या वाटेने वर चढू देऊन त्यांनी चरबीपासून मेंदूपर्यंतचा रस्ता दाखवला.

अडचण अशी की दोन्ही प्रकारचे तंतू एकाच नसेत गुंफलेले असतात. नस कापली की दोन्ही जातात, आणि दोष कोणाचा ते कळत नाही. जुन्या कितीतरी प्रयोगांचे निष्कर्ष यामुळे पुन्हा तपासावे लागले. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत ली ये आणि पटापुटियन यांच्या गटांनी फक्त संवेदी तंतू काढण्याची युक्ती केली. तेव्हा त्या चरबीत नवी चरबी बनवणाऱ्या आणि उष्णता निर्माण करणाऱ्या, दोन्ही कामांच्या जनुकांनी जोर धरला आणि चरबीचा गठ्ठा मोठा झाला. म्हणजे संवेदी तंतू तिथे लगाम धरून बसलेले असतात. अनुकंपी चेता जे जोरात करू पाहते त्याला ते आवर घालतात. लगाम आहे हे घोडा उधळल्यावरच कळतं, तसं हे तंतू काढल्यावरच कळलं.

७. पान्हा मेंदूतून उतरतो

सडाला वासराची जीभ लागली की तिथल्या संवेदी चेता मेंदूला कळवतात, तिथून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि कासेतल्या बारीक पोकळ्या आवळून दूध खाली ढकलतं. रक्तात हे संप्रेरक काही मिनिटंच टिकतं. म्हशीच्या कासेत आयतं साठलेलं दूध गायीपेक्षा फार कमी, म्हणून तिच्याकडे धीर लागतो. दूध कासेत राहिलं तर पुढचं दूध बनणंच मंदावतं. मग खाल्लेल्यातला दुधाचा वाटा दुसरीकडे वळतो.

१९४१ मध्ये इली आणि पीटरसन या अमेरिकन संशोधकांनी दुभत्या गायींजवळ कागदी पिशव्या फोडल्या, पाठीवर मांजरही बसवलं. दूध अडलं. घाबरल्यावर सुटणारं ॲड्रेनलिन पान्हा रोखतं हे त्यावरून दिसलं. त्याच वर्षी टोरांटोच्या फर्ग्युसन यांनी जननमार्ग ताणला गेल्यावरही पान्हा उतरवणारं संप्रेरक सुटतं हे दाखवलं. आपल्याकडच्या काही गवळ्यांना हे, फार क्रूर रीतीने, आधीपासून माहीत होतं. त्याचं नाव फुंका. गांधीजींनी गायी-म्हशीच्या दुधाची शिसारी का आली हे सांगताना आत्मकथेत फुंक्याचा उल्लेख केला आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ ने फुंका आणि दुधासाठी केलेलं अपायकारक इंजेक्शनही गुन्हा ठरवलं. ज्या प्रतिक्षेपाला कोमट पाण्याने कास धुणं, ओळखीचा हात आणि दोन मिनिटं शांतता पुरते, त्यासाठी सुई उचलणाऱ्याला मी पशुपालक म्हणत नाही.

८. कुट्टी फार बारीक करू नका

व्हेगस चेतेतले पाचांतले जवळपास चार तंतू संवेदी असतात. पोटातून वर जाणाऱ्या खबरा खाली येणाऱ्या हुकमांच्या कितीतरी पट. आतड्यातलं सीसीके हे संप्रेरक भूक थांबवतं हे १९७३ मध्ये उंदरांत दिसलं. ते मुख्यतः याच तंतूंमार्फत.

रवंथ करणाऱ्या जनावरात ही चेता आणखी एक काम करते. कडब्याचे खरबरीत तुकडे जाळीपोटाच्या आणि कोठीपोटाच्या भिंतीला घासले की तिथल्या स्पर्शचेता जाग्या होतात आणि रवंथ सुरू होतं. रवंथाबरोबर लाळ सुटते. मोठ्या गायीला दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ सुटते आणि तिच्यातला सोडा पोटातली आम्लता आवरतो. कुट्टी यंत्राने वैरणीचा भुगा केला की तंतुमय घटक कागदोपत्री तेवढेच राहतात, पण भिंतीला कोणी घासत नाही. रवंथ घटतं, लाळ घटते, पोट आंबतं, दुधाची फॅट उतरते. डेअरीवर भाव कापला जातो आणि शेतकरी पेंडवाल्याशी भांडतो. तुकडा इंच-दीड इंचाचा ठेवा. दुपारी आडव्या पडलेल्या गायींकडे नजर टाका. निम्म्याहून जास्त रवंथ करत असतील तर बहुधा ठीक चाललंय.

९. विद्यार्थ्यांना एवढीच विनंती

जनावर तपासताना खाद्याचा रकाना भरलात की खाली आणखी चार ओळी लिहा : गोठ्यातलं दुपारचं तापमान, गव्हाणीचा वास, वैरणीच्या तुकड्याची लांबी आणि धार कोण काढतं. पहिल्या ओळीसाठी थर्मामीटर लागेल. तो खाद्याच्या एका पोत्यापेक्षा स्वस्त मिळतो.